शंखातल्या खेकड्याची जमीन : एक प्रस्तावना

न्यू जर्सीच्या समुद्राला लागून लाकडी फळ्यांचे लांबच लांब रस्ते आहेत. तिथे त्यांना बोर्डवॉक म्हणतात. उन्हाळ्याच्या सुटीत तिथल्या दुकानांच्या दारात तारेचे पिंजरे मांडलेले असतात आणि पाठीवर रंगवलेले शंख घेतलेले छोटे खेकडे त्या तारांवर चढत असतात. एडिसन किंवा जर्सी सिटीतल्या मराठी घरांतली मुलेही इतर मुलांसारखीच हट्ट धरून त्यातला एखादा घरी आणतात. सोबत मिळते प्लॅस्टिकची पेटी, मूठभर रंगीत खडे आणि पाण्यात भिजवून ठेवायचा स्पंजचा तुकडा. अशा पेटीत हा खेकडा बहुधा काही महिनेच काढतो. त्याच्या मूळ मुलखात, कॅरिबियन बेटांवर, तोच प्राणी तीस वर्षांहून अधिक जगू शकतो. एवढा फरक का पडतो, हे समजून घेण्यातून या विषयाचा अभ्यास सुरू होतो.

खाऊपिऊ घालण्यात हयगय झाली म्हणून हे खेकडे मरतात, असे सहसा घडत नाही. मुले त्यांना हौसेने खायला घालतात. कमी पडतात त्या दोन गोष्टी: टाकीच्या तळाशी काय आणि किती घातले आहे, आणि टाकीला ऊब कुठल्या बाजूने मिळते. नवख्याला ही नुसती पूर्वतयारी वाटते. एका दुपारी उरकायची आणि मग खरा खेकडा पाळायला घ्यायचा. माझे म्हणणे असे की वाळू आणि ऊब हाच या शास्त्राचा मुख्य भाग आहे. वर हिंडणारा, फांदीवर चढणारा, आपल्याला दिसणारा खेकडा कशाही पेटीत काही काळ तग धरतो. टाकी मांडायची ती वाळूखाली उतरलेल्या, आपल्याला न दिसणाऱ्या खेकड्यासाठी. एवढे एक सूत्र हाती ठेवले तर पुढचे जवळजवळ सगळे नियम त्यातूनच निघतात, पाठ करावे लागत नाहीत.

आधी प्राण्याची ओळख करून घेऊ. मुंबईत किंवा मालवणला खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी डबक्यांतून एखादा शंख चालू लागतो, तोही हर्मिट क्रॅबच, म्हणजे शंखात राहणारा खेकडाच. पण तो समुद्रातला. त्याला भरतीचे पाणी लागते आणि या प्रस्तावनेतल्या एकाही मापाचा त्याला उपयोग नाही. त्याला तिथेच राहू द्यावे. किनाऱ्यावरचे रिकामे शंखही उचलू नयेत, कारण त्याच्या पुढच्या पिढीची घरे तीच. आपला विषय आहे सीनोबिटा या प्रजातीतल्या, जमिनीवर राहणाऱ्या खेकड्यांचा. उष्ण कटिबंधातल्या किनाऱ्यांवर त्यांच्या दीड डझनाच्या आसपास जाती आहेत. काही आपल्या लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबार बेटांवरही आहेत. त्यांचा महाकाय भाऊबंद म्हणजे नारळी खेकडा, बिर्गस लॅट्रो. तो बालपणी शंखात राहतो आणि मोठेपणी शंख कायमचा सोडतो. भारतात त्याला वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. अमेरिकेच्या बाजारात सर्वांत जास्त दिसतो तो सीनोबिटा क्लायपिएटस. त्याची डावी नांगी मोठी आणि जांभळी असते, आणि शंखात शिरल्यावर तो तिचाच दरवाजा करतो. फ्लॉरिडाच्या दक्षिण टोकापासून कॅरिबियन बेटांवरून व्हेनेझुएलापर्यंत त्याचा वावर आहे. पुढे येणारी मापे त्याला धरून दिली आहेत.

हा प्राणी जमिनीवर राहतो खरा, पण समुद्र त्याने पुरता सोडलेला नाही. त्याचे पोट मऊ आणि उजवीकडे पिळलेले असते, आणि टोकाशी असलेल्या आकड्यांनी तो शंखाच्या आतल्या खांबाला घट्ट धरून राहतो. शंखात तो थोडे पाणी बाळगतो. गोड्या आणि खाऱ्या पाण्याचे हवे तसे मिश्रण करून शरीरातल्या क्षारांचा तोल राखतो, म्हणून टाकीत दोन्ही पाणी लागते, तेही अंग बुडेल इतके खोल. गोड्या पाण्यातला क्लोरीन आधी काढलेला असावा. खारे पाणी मत्स्यालयासाठी मिळणाऱ्या सागरी मिठाचे करावे. स्वयंपाकघरातले मीठ चालत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात सोडियम क्लोराइडखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम असे बरेच काही असते. श्वासासाठी त्याला अजून कल्लेच आहेत, आणि पोटाची पातळ त्वचाही श्वासाला हातभार लावते. हे अवयव ओले असतील तरच काम करतात. कोरड्या हवेत खेकडा गुदमरतो, पण एका दिवसात नाही. आठवडेच्या आठवडे तो हळूहळू मंदावत जातो. घरच्यांना वाटते आजारी असेल किंवा वय झाले असेल. मृत्यू इतका सावकाश येतो की त्याचे कारण कोणाच्या लक्षात येत नाही. चुकीचे सल्ले वर्षानुवर्षे टिकून राहिले ते यामुळेच.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी. मादी अंडी समुद्रात सोडते. पिल्ले कित्येक आठवडे लाटांवर तरंगत, रूपे पालटत वाढतात आणि मग इवलासा शंख शोधून जमिनीवर येतात. हे सगळे घरात घडवून आणणे अतिशय अवघड आहे. अलीकडच्या वर्षांत काही चिकाटीच्या पाळणाऱ्यांनी ते साधले आहे, पण बाजारात येणारा जवळजवळ प्रत्येक खेकडा आजही निसर्गातून पकडलेलाच असतो. म्हणून या क्षेत्रातले जाणते लोक दुकानातून नवा खेकडा विकत घेण्यापेक्षा दुसऱ्या कोणाला नकोसा झालेला दत्तक घ्यावा असे सांगतात. मलाही तेच पटते. जो आधीच पकडला गेला आहे त्याला उरलेली वर्षे नीट जगता यावीत, यासाठी हे ज्ञान आहे.

या खेकड्यांवर विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. कुरसाव बेटावर पी. ए. डब्ल्यू. जे. द विल्ड यांनी क्लायपिएटसचे प्रजनन, पाण्याचा जमाखर्च आणि क्षारांचा तोल अभ्यासला. १९७३ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा प्रबंध आजही आधाराला घ्यावा असा आहे. वॉरन बर्गरन आणि ब्रायन मॅकमहन यांनी संपादित केलेला जमिनीवरच्या खेकड्यांच्या जीवशास्त्राचा ग्रंथ १९८८ मध्ये केंब्रिजहून निघाला. स्टीफन जे गूल्ड यांनी बर्म्युडातल्या खेकड्यांवर एक सुंदर निबंध लिहिला आहे. ज्या मोठ्या गोगलगायीचा शंख हे खेकडे वापरत, ती बेटावरून नाहीशी झाली, आणि मोठे खेकडे टेकड्यांतून निघणाऱ्या तिच्या जीवाश्म शंखांवर दिवस काढू लागले. बेलीझजवळच्या बेटावर रँडी रॉटजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवले की एक मोठा शंख रिकामा सापडला की खेकडे उतरत्या क्रमाने रांग लावतात, आणि पहिल्याने घर बदलले की सारी रांग एकामागून एक घरे बदलते. कोस्टा रिकात मार्क लेड्र यांनी शंख आतून कोरून प्रशस्त करणाऱ्या खेकड्यांचा अभ्यास केला. हे सगळे वाचनीय आहे, आणि हौशी वाचकाने ते जरूर शोधून वाचावे. पण एक गोष्ट जाणवते: विद्वानांचे लक्ष शंखाकडे अधिक गेले, कारण शंख दिसतो. वाळूखाली काय चालते आणि तिथे काय लागते, याचे व्यवहारातले ज्ञान बरेचसे घरोघरच्या पाळणाऱ्यांनी टाक्या मांडत, मोडत, पुन्हा मांडत जमवले आहे. त्यामागचे विज्ञान मात्र पक्के आहे आणि ते साध्या भौतिकशास्त्राने समजावून सांगता येते.

वाळूखाली खेकडा जातो तो कात टाकायला. त्याचे कवच वाढत नाही, म्हणून वाढायचे तर ते टाकूनच द्यावे लागते. कात टाकण्याचा काळ जवळ आला की तो जास्त खातो, जास्त पाणी साठवतो, डोळे मळकट दिसू लागतात, आणि एका रात्री तो खणायला लागतो. खाली जाऊन तो अंगाभोवती लहानशी पोकळी तयार करतो, आणि त्या अंधारात जुने कवच फोडून मागे सरकत त्यातून बाहेर येतो. कात टाकणे रोखून धरणारे संप्रेरक डोळ्यांच्या देठांतून सुटते; ते कमी झाले की ही सगळी प्रक्रिया सुरू होते. नवे अंग सुरुवातीला अगदी मऊ असते. पाय त्याचे वजन पेलत नाहीत, नांगीने स्वतःचा बचावही करता येत नाही. आधी तुटलेला पाय या वेळी नव्याने उगवू शकतो. मग तो आपलेच टाकलेले कवच सावकाश खातो, कारण नवे कवच कठीण करायला लागणारे चुन्याचे क्षार त्यातच साठलेले असतात. मध्यम आकाराच्या खेकड्याला या सगळ्याला चार ते आठ आठवडे लागतात, मोठ्याला याहून कितीतरी जास्त. या काळात पोकळी ढासळली, कोरडी पडली, पाण्याने भरली, तापली, किंवा दुसरा खेकडा खणत तिथे पोहोचला, तर तो मरतो. वरच्या टाकीत कितीही फांद्या आणि वेली असल्या तरी त्याला त्यांचा काही उपयोग नसतो.

आता टाकीच्या तळातल्या थराविषयी. पाळणाऱ्यांत सर्वमान्य झालेले मिश्रण आहे पाच भाग वाळू आणि एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), मापून घेतलेले, वजन करून नाही. वाळू बारीक, धुतलेली आणि चाळलेली हवी. अमेरिकेत मुलांच्या खेळासाठी मिळणारी पिशवीतली वाळू यासाठी सोयीची पडते. कोकोपीट खत न मिसळलेला घ्यावा, कारण रोपवाटिकेत मिळणाऱ्या कोकोपीटच्या काही विटांमध्ये खते घातलेली असतात. वाळू भार पेलते आणि कोकोपीट पाणी धरून ठेवतो. नुसत्या कोकोपीटमध्ये बोगदा टिकत नाही. नुसती वाळू टिकते, पण लवकर वाळते. रंगीत खडे आणि दगडगोटे यांत खणताच येत नाही. बाजारात कॅल्शियमची म्हणून विकली जाणारी वाळू ओली झाल्यावर वाळली की दगडासारखी घट्ट होते, आणि खाली गेलेला खेकडा त्यात अडकू शकतो. ती टाळावी.

ओलावा किती असावा, याचे उत्तर हातानेच कळते. मिश्रण घमेल्यात काढून त्यावर क्लोरीन काढलेले पाणी थोडे थोडे शिंपडत कालवावे. मग मूठभर घेऊन घट्ट दाबावे आणि हात उघडावा. गोळा तसाच राहिला पाहिजे आणि त्यावर बोटांच्या खुणा उमटल्या पाहिजेत. दाबताना बोटांच्या फटींतून पाण्याचा थेंब आला तर ओलावा जास्त आहे. त्यात आणखी कोरडी वाळू घालावी. टाकीत थर भरून हलकेच दाबल्यावर काचेला लागून एका पेन्सिलीने खोल भोक पाडावे आणि टाकी बंद करून ठेवावी. दुसऱ्या दिवशी भोक तसेच उभे असेल तर खेकड्याची पोकळीही उभी राहील. यामागचे कारण असे की वाळूच्या दोन कणांमध्ये पाण्याचा बारीकसा पूल तयार होतो आणि पाण्याच्या पृष्ठताणामुळे कण एकमेकांना धरून राहतात. १९९७ साली 'नेचर'मध्ये काही भौतिकशास्त्रज्ञांनी वाळूच्या किल्ल्यांवर लिहिताना दाखवले होते की अगदी थोडे द्रव मिसळले तरी कणांचे वागणे पार बदलून जाते. पाणी फार झाले की मात्र कणांमधल्या सगळ्या मोकळ्या जागा भरून जातात, ते पूल उरत नाहीत आणि वाळू वाहू लागते. समुद्रकाठी लाटेच्या रेषेवर बांधलेला किल्ला विरघळतो तो त्यामुळे.

खोली किती? किमान पंधरा सेंटीमीटर, किंवा टाकीतल्या सर्वांत मोठ्या खेकड्याच्या उंचीच्या तिप्पट, यांतले जे जास्त असेल ते. मी नेहमी वीस सुचवतो. नव्याने येणाऱ्याला हे फाजील वाटते, कारण टाकीचा जवळजवळ अर्धा भाग वाळूनेच भरतो. अमेरिकेत ज्याला चाळीस गॅलनची रुंद टाकी म्हणतात ती साधारण ९१ सेंटीमीटर लांब, ४६ रुंद आणि ४१ उंच असते. तीत वीस सेंटीमीटर थर घातला तर सुमारे ८४ लिटर वाळू लागते आणि ओली असताना तिचे वजन शंभर किलोच्या बरेच पुढे जाते. म्हणून टाकी कुठे ठेवायची हे वाळू घालण्याआधी ठरवावे. भरल्यावर ती हलवता येत नाही. हलके टेबल किंवा पुस्तकांचा कप्पा हे ओझे पेलणार नाही.

पण एवढी खोली फक्त पोकळीसाठी नाही. जमिनीत जसजसे खाली जावे तसतसा दिवस-रात्रीतला तापमानाचा फरक कमी होत जातो. ओलसर वाळूत साधारण चौदा सेंटीमीटरवर तो वरच्या फरकाच्या जवळपास एक तृतीयांश उरतो. वर दुपारची वाळू पायाला चटके देत असली तरी हातभर खाली ती जवळपास एकसारखी, शांत असते. निसर्गातला खेकडा ऊन चढले की खाली जातो, थंड वाऱ्यातही खाली जातो, आणि कात टाकायला तर जातोच. त्याच्या लक्षावधी वर्षांच्या सवयीत 'खाली' म्हणजे सुरक्षित, थंड आणि दमट. ही दिशा टाकीत उलटी केली, तर खेकड्याच्या सवयीच त्याच्या जिवावर उठतात.

आणि ती उलटी होते ती हीट पॅडमुळे. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी विकले जाणारे हे पॅड बहुतेक वेळा टाकीखाली लावायला सांगितलेले असतात. खोल वाळूखाली असे पॅड लावले की दोन अपाय एकदम होतात. वीस सेंटीमीटर वाळूतून उष्णता वरपर्यंत पोहोचतच नाही, हवा थंडच राहते. आणि तळाची काच व तळाची वाळू तापत जाते, तडा जायचीही भीती असते. हवा थंड म्हणून माणूस आच वाढवतो. खेकडा उष्णतेपासून पळायला खाली जातो, आणि तिथे ती आणखी जास्त. ओलावाही आधी तळातूनच उडतो. म्हणून या क्षेत्रात सर्वांचे एकमत असलेला एक नियम आहे: पॅड मागच्या किंवा बाजूच्या काचेला, वाळूच्या रेषेच्या वर, बाहेरून लावायचे. मागच्या काचेचा वाळूवरचा बराचसा भाग झाकेल असे रुंद पॅड घ्यावे, ते काचेला सपाट चिकटलेले असावे, आत हवेचे बुडबुडे नसावेत. उबेचे दिवे टाळावेत; ते वरून थर आणि हवा दोन्ही कोरडी करतात. ऊब देणारे कृत्रिम दगडही नकोत, कारण त्यांच्यावर बसलेल्या प्राण्याला एकाच ठिकाणी चटका बसतो.

तापमान किती हवे? हवेत २४ ते २९ अंश सेल्सिअस, फॅरनहाइटमध्ये साधारण ७५ ते ८५. पॅडच्या जवळ जास्त, समोरच्या कोपऱ्यात कमी असा उतार असावा, म्हणजे खेकड्याला स्वतः निवड करता येते. तापमान ठरावीक राखणाऱ्या थर्मोस्टॅटशिवाय पॅड लावूच नये. त्याची तापमान मोजणारी तार पॅडच्या जवळ ठेवली तर बाकीची टाकी थंड राहते, फार लांब ठेवली तर पॅडजवळ आच वाढते. मध्यावर, वाळूपासून थोड्या उंचीवर ती बरी पडते. वेगळा तापमापक समोरच्या बाजूला ठेवावा. अमेरिकेतल्या दुकानांतले बहुतेक मापक फॅरनहाइटमध्ये दाखवतात. मराठी घरांत सेल्सिअस बोलण्याची सवय असते, म्हणून दोन्ही आकडे टाकीवर चिकटवून ठेवणे सोयीचे.

आर्द्रतेचा प्रश्न उबेशी जोडलेलाच आहे, आणि तो आकड्यांतून पाहिला की लगेच स्पष्ट होतो. खेकड्याला सापेक्ष आर्द्रता ७५ ते ८५ टक्के हवी. २७ अंशांची हवा एका घनमीटरमध्ये जास्तीत जास्त २६ ग्रॅमच्या आसपास बाष्प धरते. ८० टक्के म्हणजे साधारण २०.६ ग्रॅम. २० अंशांची हवा पूर्ण भरली तरी तीत १७ ग्रॅमच मावते. जानेवारीत न्यू जर्सीच्या घरांत फर्नेसची गरम हवा फिरत असते, खोली २० अंशांवर असते आणि आर्द्रता अनेकदा ३० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे एका घनमीटरमध्ये फक्त पाच ग्रॅम बाष्प. टाकीला जेवढे हवे त्याचा चौथा हिस्सा. काचेचे घट्ट झाकण म्हणून अत्यावश्यक. जाळीचे झाकण असेल तर त्यावर काच किंवा प्लॅस्टिक झाकावे लागते.

आणखी एक हिशोब करू. वर सांगितलेल्या टाकीत वाळूवर जी हवा उरते तीत २७ अंशांवर आणि ८० टक्के आर्द्रतेवर मिळून दोन ग्रॅमपेक्षाही कमी पाणी असते, चमचाभरही नाही. खायला घालण्यासाठी झाकण उघडले की त्यातले बरेचसे क्षणात निघून जाते. ते पुन्हा भरून येते ते वाळूतून आणि पाण्याच्या दोन भांड्यांतून, कारण थरात कित्येक लिटर पाणी साठलेले असते. टाकीचा दमटपणा हवेत नसतो, तो वाळूत असतो. म्हणून रोज फवारणी करून आर्द्रता राखायचा प्रयत्न व्यर्थ आहे. फवाऱ्याचे पाणी हवेत थोडा वेळ राहते आणि मग थेंब थेंब वाळूतून उतरत तळाशी साचते. काही आठवड्यांनी तळ चिखलाचा होतो, तिथे हवा पोहोचत नाही, जिवाणू वाढतात आणि सडक्या अंड्यासारखा वास येऊ लागतो. तळात गेलेल्या खेकड्याला यातून सुटका नसते.

दवाचेही असेच. २७ अंश आणि ८० टक्के आर्द्रतेच्या हवेला २३ अंशांपेक्षा थंड काच भेटली की काचेवर दव जमते. थंड खोलीत तीन बाजूंच्या काचा २३ अंशांच्या खालीच असतात, म्हणून पाणी काचेवरून ओघळत वाळूच्या कडेने खाली उतरते आणि तळाशी साचते. उपाय सोपा आहे: मागे पॅडच्या बाहेरून आणि दोन्ही बाजूंना थर्माकोलची पाटी लावावी. काचा उबदार राहतात, दव कमी होते, पॅडला कमी वीज लागते. सुरुवातीला समोरच्या काचेवर थोडेसे दव दिसले तर घाबरण्याचे कारण नाही. ओघळ दिसू लागले की मात्र लक्ष द्यावे.

हे सगळे करून आर्द्रतामापकच चुकीचे दाखवत असेल तर हिशोब कोलमडतो. स्वस्त मापके बरेच वेळा पाच-दहा टक्के चुकतात. ते तपासायला घरातले मीठ पुरते. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन त्यावर काही थेंब पाणी टाकावे, इतके की मीठ ओले होईल पण विरघळणार नाही. ते झाकण आणि मापक एकाच घट्ट बंद होणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवून रात्रभर सोडावे. साध्या मिठाचे असे संतृप्त मिश्रण बंद हवेत ७५ टक्के आर्द्रता राखते. सकाळी मापक ७० दाखवत असेल तर पुढे नेहमी त्यात पाच मिळवायचे. खेकड्यासाठी लागणारी किमान आर्द्रताही नेमकी ७५ टक्केच आहे, त्यामुळे ही चाचणी या विषयात विशेष कामाची ठरते.

सगळ्या प्रश्नांवर एकमत नाही, आणि नव्या वाचकाला ते सुरुवातीलाच माहीत असावे. काही जण थर सागरी मिठाच्या पाण्याने ओला करतात, त्याने बुरशी कमी येते म्हणून. काही जण म्हणतात, क्षार हळूहळू साठत जातात. काही जण वाळूत आयसोपॉड आणि स्प्रिंगटेल असे इवले जीव सोडतात, म्हणजे कुजणारे अन्न आणि विष्ठा ते खाऊन टाकतात. मला ही पद्धत चांगली वाटते, पण टाकी आधी स्थिर असेल तरच. टाकीत ओल्या शेवाळाचा (मॉसचा) एक कोपरा ठेवणे बहुतेकांना पटलेले आहे. कात टाकणाऱ्याला वेगळ्या टाकीत हलवावे का, यावर पूर्वी बराच वाद होता. आज बहुतेक जाणते खोल थर असलेल्या टाकीतच त्याला राहू द्यावे असे म्हणतात. मलाही हलवणे हा धोकाच वाटतो. खेकडा महिनाभर दिसला नाही म्हणून खणून पाहण्याच्या मोहात कोणी पडू नये. सडलेल्या मासळीसारखा तीव्र वास येत नसेल, तर तो खाली जिवंत आहे असेच धरून चालावे.

टाकी भरल्यावर खेकडा लगेच आणू नये. वाळू, पाण्याची भांडी, पॅड, थर्मोस्टॅट आणि झाकण सगळे लावून टाकी आठवडाभर रिकामी चालवावी आणि सकाळ-रात्रीचे आकडे कागदावर टिपावेत. रात्री तापमान २४ च्या खाली जाते का, आर्द्रता ७५ च्या खाली घसरते का, काचेच्या तळाशी वाळूत पाण्याची रेषा दिसते का, हे आधी कळते. खेकडा आल्यावर तो पहिल्याच रात्री वाळूत उतरण्याची शक्यता मोठी असते, विशेषतः तो दुकानातल्या कोरड्या पेटीतून आलेला असेल तर. तो उतरला तर त्या कोपऱ्यावर पाण्याचे जड भांडे किंवा मोठी फांदी ठेवू नये. आर्द्रतामापक रोज पाहावा, पाणी बदलत राहावे, खाद्य थोडे थोडे ठेवावे, आणि तो ज्या दिवशी उतरला ती तारीख टाकीवर चिकटवावी. पुढे काही आठवड्यांनी तो वर आला की आधीची त्याची जुनी, मळकट नांगी आणि आताची ताजी, गडद जांभळी नांगी यांतला फरक एका नजरेत दिसतो.